शेवटच्या रांगेतली केबल

आमच्या ठेकेदाराकडे कामाला असलेला प्रत्येक माणूस त्यांना वहिनी म्हणायचा. खुद्द ठेकेदारसुद्धा, आणि तो तर त्यांच्यापेक्षा वयानं चांगला मोठा. कारण एवढंच की त्यांचा सख्खा धाकटा दीर त्यांच्याच जोडीला कामावर यायचा. दिवसभर त्याचं "वहिनी, हे धरा", "वहिनी, कात्री कुठंय" चाललेलं असायचं, आणि त्या त्याला "भाऊजी, डोकं सांभाळा" म्हणत राहायच्या. ऐकून ऐकून सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. एकदा एका कंपनीच्या साहेबानं फोनवर अगदी गंभीर आवाजात विचारलं होतं, "उद्या वहिनी आणि भाऊजी कधीपर्यंत येतील?" ठेकेदारानं कसंबसं उत्तर दिलं आणि फोन ठेवून पोट धरधरून हसला.

मी तिथं सामानाची खोली सांभाळतो. केबलची रिळं, जोडण्या, तपासायची यंत्रं, सगळं माझ्या ताब्यात. सकाळी सामान न्यायला आणि संध्याकाळी परत करायला ती दोघं माझ्याकडे यायची. पुढचं काही मी स्वतः पाहिलं, बाकीचं वहिनींनीच नंतर मला तुकड्या-तुकड्यानं सांगितलं.

वहिनी मूळच्या टेलिफोनच्या. लग्नाआधीपासून एक्स्चेंजमध्ये तांब्याच्या तारा जोडायच्या. एक्स्चेंज बंद झालं तेव्हा बरोबरच्या बायका घरी बसल्या, या मात्र काचेच्या तारेचं काम शिकल्या. केसाएवढी बारीक काच. तिचं टोक घासायचं, पुसायचं, भिंगाखाली धरायचं, आणि उजेड आरपार जाईपर्यंत पुन्हा पुसायचं. त्यांचा हात त्यात बसला. नवरा शाळेची बस चालवायचा. सासूबाई, हे दोघं, दीर, जाऊ आणि जावेची मुलगी असे सगळे तीन खोल्यांत राहायचे. वहिनींना स्वतःचं मूल नव्हतं. पुतणीच त्यांच्या कुशीत झोपायची.

दीर म्हणजे घरातला लाडोबा. अंगानं धिप्पाड, जिभेनं गोड, आणि कुठल्याच नोकरीत फार दिवस टिकायचा नाही. लग्न झालं, मुलगी झाली, तरी तेच. शेवटी सासूबाईच वहिनींना म्हणाल्या, "तुझ्याबरोबर ने बाई याला. घरात बसून बसून बुरशी धरेल." वहिनी घेऊन आल्या. आणि नवल म्हणजे तो टिकला. सर्व्हर ठेवतात त्या खोल्यांना दुहेरी जमीन असते. खाली खरी, सिमेंटची. तिच्यावर लोखंडी पायांवर टेकवलेल्या चौकोनी लाद्या. मधल्या मांडीएवढ्या पोकळीतून थंड हवा खेळते आणि केबली जातात. एक लादी उचलायची, आत उतरायचं, आणि पालथं पडून हात लांब करत केबल पुढं सरकवायची, हे काम कोणालाच आवडत नाही. भाऊजी मात्र खाली डोकं घालून गाणी म्हणायचा. सूर नावाला नाही. वर उभे असलेले लोक म्हणायचे, "आतून काहीतरी कण्हतंय."

त्या वर्षी आम्हाला एक मोठं काम मिळालं. गावाबाहेर एका कंपनीनं नवी इमारत बांधली होती. दुसऱ्यांची मोठमोठी गणितं भाड्यानं करून द्यायची, हा त्यांचा धंदा. हॉलमध्ये यंत्रांच्या रांगाच रांगा. कंपनीचा नेटवर्कचा इंजिनिअर म्हणजे एक किडकिडीत, चष्मा लावणारा पोरगेला माणूस होता. त्याला कोणी काही विचारलं की तो पहिल्यापासून समजावायला बसायचा, म्हणून भाऊजीनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव मास्तर ठेवलं. मास्तरलाही ते आवडलं असावं.

"यांना एक केबल आधीच आहे की," भाऊजी त्याला म्हणाला होता. "मग ही दुसरी कशाला?"

"ती बाहेरच्यांशी बोलायला. ही आपापसात बोलायला," मास्तर म्हणाला. "एकच गणित आम्ही या सगळ्यांना वाटून देतो. प्रत्येकाला दुसऱ्यांचे अर्धवट आकडे सारखे लागतात. बाहेरच्या रस्त्यावर गर्दी असते, तिथून पाठवले तर सगळे एकमेकांची वाट बघत बसतील. म्हणून यांचा रस्ता वेगळा. केबल वेगळी, स्विच वेगळा, पत्ते वेगळे. बाहेरच्याला हे पत्ते दिसणारसुद्धा नाहीत."

"आणि एखादा ढिला निघाला तर?"

"तर त्याच्यासाठी बाकीचे सगळे ताटकळणार."

"म्हणजे आमच्या घरात सकाळी न्हाणीघरापुढं असतं तसं," भाऊजी म्हणाला, आणि मास्तर चष्मा काढून हसला.

हॉलमध्ये जागा उरली नव्हती म्हणून स्विच, म्हणजे या सगळ्या केबली जिथं एकत्र येतात त्या पेट्या, शेजारच्या खोलीत बसवले होते. प्रत्येक यंत्रापासून एकेक केबल लाद्यांखालून, भिंतीतल्या भोकातून त्या खोलीत आणायची. भाऊजी हॉलमध्ये, वहिनी भिंतीपलीकडे, बोलणं वॉकीटॉकीवर. काम जोरात चाललं होतं. एकेक रांग पुरी होत होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या लाद्यांखालच्या पोकळीत आग विझवायची सोय होती. धूर लागला असं यंत्राला वाटलं की भोंगा वाजायचा आणि थोड्या वेळानं पोकळीत आपोआप कार्बन डायऑक्साइड सुटायचा. आग विझते, पण तिथं माणूस असेल तर तोही विझतो. म्हणून खाली कोणी काम करत असताना ती सोय आपोआप चालणार नाही अशी, म्हणजे मॅन्युअलवर ठेवायची असते. त्याचं पॅनेल इमारतीच्या पुढच्या स्वागतकक्षात होतं आणि ते इमारतीच्या सुपरवायझरच्या हातात होतं. वहिनी रोज सकाळी त्याला विचारायच्या, शिवाय स्वतः जाऊन पॅनेलवरचा पिवळा दिवा बघून यायच्या.

त्या दिवशी कंपनीकडे पाहुणे येणार होते. स्वागतकक्षात गालिचा अंथरत होते, फुलदाण्या मांडत होते.

"मॅन्युअलवर टाकलंय ना?" वहिनींनी विचारलं.

"टाकलंय हो वहिनी. रोज काय तेच तेच?" सुपरवायझर म्हणाला. "आणि आता पुढं जाऊ नका, गालिच्यावर पाय उमटतील."

वहिनी गेल्या नाहीत.

त्यानं टाकलं नव्हतं. पिवळा दिवा लागला की पाहुणे विचारतील, हे काय बिघडलंय, अशी वरच्यांना धास्ती. पाहुणे जाईपर्यंत आपोआप चालणारंच राहू दे, असं त्याला सांगितलेलं. हे सगळं पुष्कळ नंतर बाहेर आलं.

दुपारी शेवटच्या रांगेचं काम होतं. तिकडच्या कोपऱ्यात आदल्या दिवशी भिंतीचं भोक मोठं केलं होतं आणि त्याची बारीक धूळ पोकळीत साचलेली होती. भाऊजी सरपटला, धूळ उठली. ती तिथल्या दोन्ही सेन्सरांना धुरासारखी लागली. एवढंच घडलं.

भिंतीपलीकडे वहिनींच्या हातात केबलचं टोक होतं.

"वहिनी, बास. आता जरा ढील द्या, इथं रॅकपाशी वळण घ्यायचंय," वॉकीटॉकीवर भाऊजी म्हणाला.

वहिनींनी ढील दिली. तेवढ्यात कुठंतरी भोंग्यासारखं वाजू लागलं. गार हवेच्या यंत्रांची घरघर दोन्हीकडे एवढी असते की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. भाऊजीच्या तर कानात बोळे होते, वॉकीटॉकी कानाशी धरली तरच तेवढी ऐकू यायची. वहिनींना वाटलं, पाहुण्यांना काहीतरी वाजवून दाखवतायत. मग केबलला जोराचा हिसका बसला. वहिनींनी आणखी ढील दिली. पुन्हा हिसका. पुन्हा दिली. वॉकीटॉकीत म्हणाल्या, "भाऊजी, किती घेताय? पुरे की आता." उत्तर नाही. आणखी एक ओढ आली, अगदी हलकी. मग केबल नुसतीच लोंबत राहिली.

वहिनी पळत सुटल्या. त्यांच्या खोलीचं दार वेगळं, हॉलचं वेगळं, मध्ये लांबलचक पॅसेज. हॉलच्या दाराला कार्ड लागायचं. ते त्यांच्याकडे नव्हतं, भाऊजीच्या गळ्यात होतं. काचेतून दिसलं, लाद्यांच्या फटींतून पांढरी वाफ निघतेय. तोंडाला रुमाल बांधलेला एक पहारेकरी वाकून काहीतरी ओढत दाराकडे येत होता. ते भाऊजीचे पाय होते. वहिनी काचेवर थापा मारत राहिल्या. दार उघडलं तेव्हा लोक धावले, कोणीतरी वहिनींना दंडाला धरून मागं नेलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीनं सांगितलं की कामगार हॉलच्या दारापाशी लपून सिगारेट ओढत होता. धुरानं यंत्रणा सुरू झाली, तो घाबरून पडला, आणि दारापाशीच सापडला. पहारेकऱ्यानंही तेच सांगितलं. रुग्णवाहिकेच्या लोकांनी त्याला दारापाशीच उचललं होतं, त्यामुळं त्यांचंही तेच. पोलीस आले तेव्हा हॉल लख्ख होता. सगळ्या लाद्या जागच्या जागी, जमीन पुसलेली. वहिनींनी काचेतून पाहिलेलं सांगितलं, पण त्या घरच्याच म्हणून ते कोणी धरलं नाही.

घरी काय झालं असेल ते सांगायला नको. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या त्या बसल्याच. वहिनींचे यजमान बस घेऊन जायचे आणि परत आले की कोणाशी न बोलता जिन्यात बसायचे. जावेनं मात्र पहिले काही दिवस डोळ्यांतून पाणी काढलं नाही. मग एके दिवशी तिनं नवऱ्याचं जाकीट धुवायला काढलं आणि आतल्या खिशात सिगारेटचं पाकीट सापडलं. अर्धं संपलेलं.

मुलगी झाली तेव्हा त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, पुन्हा ओढणार नाही म्हणून.

जाऊ ते पाकीट घेऊन स्वयंपाकघरात आली. "ताई, तुम्ही दिवसभर त्यांच्याबरोबर असायचात. तुम्हाला माहीत होतं?"

वहिनींना माहीत होतं. डब्यानंतर तो फाटकाबाहेर जायचा, एक ओढायचा, आणि येताना वडीशेप चघळत यायचा. "वहिनी, घरी नका हं सांगू," म्हणायचा, आणि त्यांनी नव्हतं सांगितलं.

"म्हणजे कंपनीवाले खरं बोलतायत," जाऊ म्हणाली. "खोटं हाच बोलला. माझ्याशी." तिनं पाकीट चुरगळलं, आणि त्या दिवसापासून वहिनींशी बोलणं टाकलं. जेवण स्वतंत्र मांडायला लागली. मुलीला आपल्या खोलीत झोपवायला लागली.

काम अर्धवट पडलं होतं. कंपनीला घाई. ठेकेदार वहिनींच्या घरी आला, खुर्चीच्या टोकावर बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "मी दुसरी माणसं पाठवतो वहिनी. फक्त केबली कुठून कशा गेल्यात तेवढं त्यांना सांगा."

वहिनी म्हणाल्या, "मीच येते."

यजमान पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "तू परत तिथं पाय ठेवणार? अगं, लोक काय म्हणतील?"

"भाऊजींनी ओढलेल्या केबली आहेत त्या," वहिनी म्हणाल्या. "त्यांना दुसऱ्याचा हात नको."

आतल्या खोलीतून जावेचा आवाज आला. "जा ताई, जा. तुमचं काम अडलं असेल."

वहिनी गेल्या. त्यांनी मला नंतर सांगितलं की हॉलमध्ये शिरल्यावर त्यांनी एकदाही खाली पाहिलं नाही. भिंतीपलीकडच्या खोलीत बसून त्या टोकं घासत राहिल्या. मास्तर जवळ येऊन काहीतरी बोलायचा प्रयत्न करायचा, मग न बोलताच परत जायचा.

सगळी टोकं लागली, आणि मास्तरनं जाळं तपासायला घेतलं. प्रत्येक यंत्रावर नवे पत्ते घातले. एका वेळी माहितीचं किती मोठं पाकीट पाठवायचं ते सगळीकडे सारखं केलं, कारण त्यात एकानं जरी वेगळा आकडा धरला तरी मोठी पाकिटं वाटेतच गळतात. मग प्रत्येकाकडून प्रत्येकाकडे माल पाठवून वेग मोजला. भराभर आकडे येत गेले. शेवटच्या रांगेतल्या एका यंत्रापाशी गाडं अडलं.

"जोडणी लागतेय," मास्तर म्हणाला, "पण चुका वाढतायत. बघा, हा आकडा चढतोय. माल पोचतो, पण खराब होऊन, मग पुन्हा पाठवावा लागतो."

त्यांनी जोडणीचा तुकडा बदलला. यंत्रातलं कार्ड बदललं. स्विचवरची जागा बदलली. वहिनींनी टोक पुन्हा घासलं, भिंगाखाली पाहिलं, स्वच्छ होतं. चुका तशाच.

"म्हणजे मधेच केबल दुखावलीय," वहिनी म्हणाल्या. आणि मग हळूच, "ही तीच."

त्यांनी मला फोन केला आणि लाल दिवा मागवला. ते पेनाएवढं साधन असतं. केबलच्या एका टोकाला लावलं की काचेतून लाल उजेड धावतो. केबल धड असेल तर उजेड आतल्या आत दुसऱ्या टोकाला निघतो. कुठं चेपली, मोडली असेल तर तिथून तो बाहेर पाझरतो आणि केबलच्या वेष्टणातून ठिपका चमकतो. दुसरा कोणी मोकळा नव्हता, म्हणून मीच घेऊन गेलो. त्यामुळं पुढचं माझ्यादेखत झालं.

मास्तरनं हॉलमधले दिवे मंद केले. वहिनींनी पलीकडे लाल दिवा लावला आणि हॉलमध्ये आल्या. या खेपेला त्यांनी खाली पाहिलं. आम्ही भिंतीपासून सुरुवात केली. रबरी चोषक लावून एकेक लादी उचलायची, आत बघायचं, पुन्हा बसवायची. केबल तिच्या जागेवरून सरळ चालली होती, अंधारात शांत. दार मागं पडलं, रांगा मागं पडल्या. शेवटच्या रांगेशी आलो तेव्हा माझ्या पायाखाली एक लादी डुगडुगली.

मी ती उचलली. खालच्या लोखंडी पायाच्या माथ्यावर केबलचा एक वळसा अडकला होता आणि लादीच्या वजनानं चपटा झाला होता. तिथून लाल उजेड पाझरत होता.

क्षणभर मला काहीच कळलं नाही. वहिनींना कळलं. त्या म्हणाल्या, "ही लादी भाऊजींनी उघडी ठेवली होती. ते आत होते. ही बंद कोणी केली?"

केबलचा हा वळसा म्हणजे वहिनींनी भिंतीपलीकडून दिलेली ढील होती. माणसाला ओढून नेल्यावर कोणीतरी घाईघाईनं ती उघडी लादी परत बसवली होती, आणि घाईत खाली केबल आहे हे पाहिलं नव्हतं. वहिनी गुडघ्यांवर बसल्या आणि टॉर्च आत फिरवला. धुळीत हाताचे रुंद फराटे होते. थोडं पुढं, हात पोचेल न पोचेल एवढ्यावर, भाऊजीची वॉकीटॉकी पडलेली होती. तिच्या पट्ट्याला पुतणीनं बांधलेली हिरवी लोकर होती.

वहिनींनी हात पुढं केला, पण मास्तरनं त्यांना थांबवलं. "नको वहिनी. काहीही हलवू नका." त्यानं मोबाइल काढला, चहूबाजूंनी फोटो घेतले. मग तिथंच उभ्या उभ्या, वरिष्ठांना न विचारता, कारखान्यांच्या तपासणी कार्यालयाला फोन लावला. फोनवर बोलताना त्यानं आपलं पूर्ण नाव दोनदा सांगितलं.

सुपरवायझर धावत आला. उघडी लादी पाहिली आणि तिथंच खाली बसला. "मला सांगितलं तसं मी केलं हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याच्यावर ओरडायचं त्राणही वहिनींमध्ये नव्हतं.

तपासणी अधिकारी बाई त्याच दुपारी आल्या. त्यांनी सगळं पाहिलं, मोजलं, वहिनींना काही प्रश्न विचारले. जाताना म्हणाल्या, "दारापाशी उभा असता तर कदाचित वाचलासुद्धा असता. गॅस खालीच सुटला होता." त्यांनी ते सहज, कामाच्या सुरात म्हटलं. मला मात्र वहिनींकडं बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गच्चीवर गेल्या. जाऊ कपडे वाळत घालत होती. वहिनींनी बादलीतला एक पंचा उचलला, झटकला, आणि दोरीवर टाकता टाकता सगळं सांगितलं. लादी, केबल, वॉकीटॉकी. "ते दारात नव्हते गं. कामावर होते. पार शेवटच्या कोपऱ्यात, खाली."

जाऊ हातातला फ्रॉक पिळत राहिली, त्यात पाणी उरलं नव्हतं तरी.

"आणि पाकीट?" तिनं शेवटी विचारलं.

"ते त्यांचंच. ओढायचे. दिवसातून एखादी, फाटकाबाहेर. मला माहीत होतं, मी तुला सांगितलं नाही." वहिनी थांबल्या. त्यांना तिथंच थांबता आलं असतं. "आणखी एक आहे. गॅस सुटला तेव्हा त्यांनी केबल ओढली. मला बोलवायला. मला वाटलं, त्यांना केबल हवीय. मी ढील देत बसले."

जावेनं फ्रॉक दोरीवर टाकला, चिमटा लावला. मग वळून तिनं वहिनींच्या दंडावर एक चापट मारली. मग दुसरी, जोरात. मग ती मारतच सुटली, खांद्यावर, पाठीवर, हात दुखेपर्यंत, आणि वहिनी जागच्या हलल्या नाहीत. शेवटी जाऊ तिथंच बादलीशेजारी खाली बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. सासूबाई कशाबशा जिना चढून वर आल्या तेव्हा दोघी ओल्या गच्चीवर बसलेल्या होत्या, एकमेकींपासून हातभर लांब.

चौकशी पुष्कळ महिने चालली. मास्तरनं साक्ष दिली, खाली बुटांकडे बघत, पण एकही शब्द मागं न घेता. पहारेकऱ्यानं जबानी बदलली आणि कबूल केलं की त्यानं भाऊजीला शेवटच्या रांगेतून ओढत आणलं होतं. सुपरवायझरची नोकरी गेली, त्याच्यावर खटलाही झाला. त्याला ज्यांनी सांगितलं होतं त्यांच्यापर्यंत काही पोचलं नाही. त्यांचं तोंडी सांगणं होतं, आणि तोंडी सांगण्याला साक्षीदार मिळाला नाही. अहवालात कामगाराची चूक नव्हती असं लिहिलं, बस्स. मास्तरला वर्षअखेरीस कंपनीनं नारळ दिला. तो दुसऱ्या शहरात गेला. जाण्याआधी आमच्याकडे येऊन वहिनींना भेटला, आणि काय बोलावं न सुचून, नव्या जागेतलं जाळं कसं आहे ते समजावत बसला.

ती खराब केबल बदलावी लागली. नवी ओढायला दुसरा माणूस आला, वहिनी पलीकडे उभ्या राहिल्या. त्यानं पहिली ओढ दिली आणि वहिनी हातातली केबल टाकून पॅसेजमधून धावत हॉलपर्यंत गेल्या. तो माणूस ठीक होता. असं आणखी दोनदा झालं, तेव्हा ठेकेदारानं त्यांना बाजूला बसवलं. यंत्रं सुरू झाली, गालिचा पुन्हा अंथरला गेला, पाहुणे आले. आम्हाला बोलावणं नव्हतं आणि असतं तरी कोणी गेलं नसतं.

त्यानंतर वहिनींनी केबल ओढायचं काम केलं नाही. माझ्या सामानाच्या खोलीत खिडकीपाशी टेबल मांडलंय, तिथं त्या टोकं तयार करतात. बोलणं कमी झालंय. बाहेर कुठं माणसं पाठवायची असली की त्या ठेकेदाराला एकच विचारतात, "गॅस आहे का तिथं?" आणि असला तर त्या माणसाबरोबर पॅनेलपर्यंत स्वतः जातात, मग तो कितीही कुरकुर करो.

सासूबाई पुढच्या वर्षी गेल्या. जाऊ मुलीला घेऊन आपल्या भावाच्या गावी राहायला गेली. एका शाळेच्या कार्यालयात तिला काम मिळालं. सामान बांधायला वहिनींनी मदत केली, स्टेशनवर सोडायला गेल्या, पण "येते" आणि "ये" यापलीकडे दोघी काही बोलल्या नाहीत. पुतणीचे फोन यायचे. जाऊ मात्र फोनवर कधी आली नाही.

गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा फोनवर आली. मी समोरच होतो. मुलीच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि दवाखान्यात मुलीपाशी बसायला रजा मिळत नाही म्हणत होती. मग म्हणाली, वहिनींनी फोन कानापासून जरा लांब धरला होता म्हणून मलाही ऐकू आलं, "ती म्हणतेय, काकूच पाहिजे. तुम्ही याल का ताई?"

"येते की," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी टेबलावरची टोकं झाकली, भिंग पेटीत ठेवलं आणि माझ्याकडे रजेचा निरोप दिला. किती दिवसांची म्हणून सांगू, मी विचारलं.

"ती जा म्हणेपर्यंत," त्या म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन निघाल्या.